रोलर स्केटिंगची जुनी चित्रे: आधी चाके, मग कागद, फ्रेम सगळ्यात शेवटी

रोलर स्केटिंगचे जुने चित्र हाती आले की बहुतेक जण तडक फ्रेमवाल्याकडे जातात. घोळ तिथूनच सुरू होतो. फ्रेमवाला चित्र पुठ्ठ्याला पांढऱ्या गोंदाने डकवतो, मागची बाजू कायमची झाकली जाते, आणि पुढे कधीतरी जाणकार पाहुणा सांगतो की हे बर्फावरचे स्केटिंग आहे किंवा अलीकडची छापील नक्कल आहे. तोवर तपासण्यासारखे काही उरलेले नसते.

प्रत्येक चित्राला दोन वये असतात हे आधी लक्षात घ्या. एक चित्रातल्या प्रसंगाचे, दुसरे कागदाचे. १८७६ ची रिंक, म्हणजे स्केटिंगची जागा, १९७६ मध्येही छापता येते. दोन्ही वये स्वतंत्रपणे काढायची, मग एकमेकांशी जुळतात का ते बघायचे. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. क्रम मोडू नका.

## तयारी: टेबलावर काय हवे

१० पट भिंग पुरते, पण छपाईचे ठिपके नीट दिसायला ३० पटीचे छोटे भिंग वेगळे ठेवा. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. स्वस्तातली ३९५ ची टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड पाडते की कागदाची चमक कळत नाही. शिवाय मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी, रुंद मऊ ब्रश, २बी पेन्सिल, पांढरा टिपकागद आणि चित्रापेक्षा मोठे पारदर्शक पॉलिएस्टरचे पाकीट. पीव्हीसीचे पाकीट नको, ते पुढे कागदाला चिकटते.

सुती हातमोजे घालू नका. त्यांच्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि जुना कागद तिथेच फाटतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केले की झाले. टेबलावर चहा, पाणी आणि बॉलपेन नको.

सरावासाठी दोन गोष्टी जवळ ठेवा: कोणतेही रंगीत कॅलेंडर आणि जमल्यास राजा रविवर्मा प्रेसचे एखादे जुने चित्र. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली रंगीत शिळाछाप, म्हणजे दगडावरून केलेली छपाई, आणि अमेरिकेतल्या १८८० च्या दशकातल्या रंगीत जाहिरात-कार्डांची छपाई एकाच जातीची. कॅलेंडर आणि रविवर्मा दोन्ही भिंगाखाली धरून फरक डोळ्यांत बसवा, मगच पुढे जा.

## टप्पा १: विकत घेण्याआधी चार फोटो मागवा

१. संपूर्ण पुढची बाजू, चारही समासांसह, शेजारी पट्टी ठेवून.
२. संपूर्ण मागची बाजू.
३. पायांचा जवळून काढलेला फोटो.
४. खोलीतला दिवा मालवून, एका बाजूने तिरपा उजेड टाकून काढलेला फोटो. घड्या, दुरुस्त्या आणि ठशाचा दाब यातच दिसतात.

विक्रेता मागची बाजू दाखवत नसेल तर व्यवहार थांबवा. ‘फ्रेममधून काढता येत नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘चिकटवलेले आहे’ असाच असतो.

सावधान: ‘आवडले नाही तर परत पाठवू’ या भरवशावर परदेशातून मागवू नका. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर पाठवताना १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आडवा येऊ शकतो.

## टप्पा २: बर्फ की चाके?

सर्वात जास्त चुका इथे होतात. शीर्षकात ‘स्केटिंग’ किंवा ‘रिंक’ दिसले की लोक चाके गृहीत धरतात. पॅरिसच्या ‘पाले द ग्लास’साठी ज्यूल शेरेने केलेली १८९० च्या दशकातली भित्तिपत्रके हे नेहमीचे उदाहरण. ती बर्फाच्या रिंकची जाहिरात आहे. ‘ग्लास’ म्हणजे बर्फ, हे नावातच आहे. तरी ती रोलर स्केटिंग म्हणून सर्रास विकली जातात.

क्रमाने बघा. आधी पाय: पात्याचे टोक पुढे वर वळलेले असेल तर बर्फ, तळव्याखाली गोल आकार असतील तर चाके. मग जमीन: फळ्यांच्या समांतर रेघा दिसल्या तर चाके, पात्यांनी ओढलेले वेडेवाकडे ओरखडे दिसले तर बर्फ. सर्वात शेवटी परिसर.

परिसर शेवटी का? छप्पर, गॅसचे दिवे, सज्जातला बँड एवढ्यावरून लोक ‘म्हणजे रोलर’ असे ठरवतात. पण जॉन गॅमगीने १८७६ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात कृत्रिम बर्फाची बंदिस्त रिंक उघडली होती. त्या काळी रोलर रिंकची लाट जोरात होती आणि दोन्ही प्रकारची चित्रे त्याच वर्षांत निघाली. छप्पर हा पुरावा धरू नका.

उलटी चूकही होते. एदुआर माने याचे १८७७ चे ‘स्केटिंग’ हे तैलचित्र हार्वर्डच्या संग्रहात आहे. त्यात समोर उभी बाई आणि मागे गर्दी, पाय दिसतच नाहीत, त्यामुळे पाहणारा काहीही समजतो. प्रसंग पॅरिसच्या र्‍यू ब्लांशवरच्या रोलर रिंकचा आहे. त्या काळच्या फ्रेंचमध्ये नुसते ‘स्केटिंग’ म्हटले की बहुधा चाकांचीच रिंक. फ्रेंच ओळीत ‘रूलेत’ आणि जर्मन ओळीत ‘रोलशू’ हे शब्द आले तर शंका उरत नाही.

तपासा: चित्रकार स्वतः स्केटिंग करणारा असेलच असे नाही. घाईच्या साप्ताहिकांत चाकांच्या जागी नुसते काळे ठिपके काढलेले आढळतात. पाय अस्पष्ट असतील तर चित्राखालची ओळ आणि मागचा मजकूर वाचल्याशिवाय निकाल देऊ नका.

## टप्पा ३: स्केट बघून प्रसंगाचा काळ काढा

चाके मोजा आणि त्यांची मांडणी बघा.

एका ओळीत चाके असतील तर बहुधा १८६३ पूर्वीची रचना. पॅरिसच्या पेतिब्लेदने १८१९ मध्ये तीन चाकांच्या स्केटचे पेटंट घेतले. लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सच्या १८२३ च्या ‘व्होलितो’ला एका ओळीत पाच चाके होती. १८४९ मध्ये पॅरिसला मायरबेअरचा ‘ल प्रोफेत’ हा ऑपेरा आला. त्यात बर्फावरचा नाच दाखवायला नर्तकांनी चाकांचे स्केट घातले होते. त्या प्रयोगाच्या चित्रांत मागे बर्फाचा देखावा आणि पायांत चाके, म्हणून ती दोन्ही बाजूंनी फसवतात.

पुढे दोन आणि मागे दोन अशी शेजारी-शेजारी चाके असतील तर १८६३ नंतरचे. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनचे पेटंट त्या वर्षीचे. पाय एका बाजूला कलला की रबरी गादी दबते, धुरे वळतात आणि स्केट वळते, ही त्याची युक्ती. चित्रात ती कशी ओळखायची? माणसे एका बाजूला झुकून गोल वळताना, एका पायावर तोल सावरताना दाखवली आहेत का बघा. जुन्या एका ओळीच्या स्केटवर असे सफाईने वळणे अवघड होते, आणि चित्रकारांनी हा फरक बरोबर टिपलेला दिसतो. बोटांवरून आणि घोट्यावरून गेलेले चामडी पट्टे हीसुद्धा या काळातली खूण. पट्ट्यांऐवजी बुटाचा तळवा पकडणारे धातूचे चाप दिसू लागले की काळ साधारण १८८० च्या दशकाकडे सरकतो. १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसनने चाकांत पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. ते बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे चित्रातून तो फरक शोधू नका.

पायाच्या बाजूला सायकलसारखी मोठी चाके दिसली तर ते ‘पेडस्पीड’ असेल. अमेरिकेत १८७० मध्ये त्याची चित्रे छापून आली. ‘जगातले पहिले स्केट’ म्हणून ते विकले जाते, पण त्याआधी अर्धे शतक पेटंट झालेले होते.

सावधान: १७६० च्या दशकात लंडनच्या मेजवानीत चाकांवरून व्हायोलिन वाजवत आरशावर आदळलेल्या जॉन जोसेफ मर्लिनचे ‘तेव्हाचे चित्र’ म्हणून काही विकायला आले तर घेऊ नका. हा किस्सा छापून गाजला तो त्याच्या मृत्यूनंतर, आणि आरशाची चित्रे कल्पनेने काढलेली आहेत. गेन्सबरोने काढलेले मर्लिनचे खरे व्यक्तिचित्र लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे, त्यात स्केट नाहीत.

आता कपड्यांनी पडताळा घ्या. घेरदार पिंजऱ्याचा झगा असेल तर १८६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. मागे फुगवटा असलेला झगा दोनदा आला: साधारण १८७० ते १८७६ आणि पुन्हा १८८३ ते १८८९. मधल्या वर्षांत झगा पायांशी अरुंद. खांद्याशी फुग्यासारख्या बाह्या १८९० च्या दशकाच्या मध्यातल्या. प्रचंड रुंद हॅट आणि सरळ झगा दिसला तर १९०८ ते १९१२, म्हणजे ब्रिटनमधली रिंकची दुसरी मोठी लाट. स्केट एक दशक सांगते आणि झगा दुसरे, असे झाले तर झग्यावर जास्त विश्वास ठेवा. चित्रकाराला कपडे रोज दिसत होते, स्केट नाही.

## टप्पा ४: भिंग लावून छपाई ओळखा

इथून कागदाचे वय सुरू होते. भिंग चेहऱ्यावर किंवा झग्याच्या सावलीवर लावा, कोऱ्या जागी काही कळत नाही.

लाकडी ठसा. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’, ‘ग्राफिक’, ‘हार्पर्स वीकली’ या साप्ताहिकांतली १८७० च्या दशकातली चित्रे बहुतांशी या पद्धतीची. रेघ एका टोकाला जाड होत दुसरीकडे निमुळती होते, काळा भाग सलग आणि कडा धारदार. हे ठसे बॉक्सवुडच्या लाकडाचे. त्या झाडाचे खोड बारीक, त्यामुळे मोठा ठसा अनेक तुकडे जोडून बनवावा लागे आणि प्रत्येक तुकडा वेगळा कारागीर कोरू शके. पूर्ण पानाच्या चित्रात रिंकच्या जमिनीवरून, कधी एखाद्या बाईच्या झग्यावरून, आरपार गेलेली केसाएवढी पांढरी रेघ दिसली तर दचकू नका. तो जोड आहे. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या रेषा किंचित सरकलेल्या असतात. पान उलटे करून तिरप्या उजेडात बोटाचे टोक हलके फिरवा, दाब जाणवला तर चांगली खूण. पण जोडाची रेघ नकलेतही उतरते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. ठिपके तपासा.

रंगीत शिळाछाप. ठिपके आहेत, पण अनियमित, हाताने टाकल्यासारखे. प्रत्येक रंग वेगळ्या दगडावरून आलेला, त्यामुळे ओठांची लाली कडेबाहेर किंचित सरकलेली दिसते. अमेरिकन जाहिरात-कार्डे अशी.

हाफटोन. जाळीत बसवल्यासारखे समान अंतरावरचे ठिपके. ही पद्धत १८९० च्या दशकात रूढ झाली. म्हणून ‘१८७६ चे मूळ पान’ म्हटलेल्या चित्रात असे ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली नक्कल. १९०९ च्या मासिकाच्या पानात मात्र ते असणे स्वाभाविक. तुमच्या कॅलेंडरसारख्या चार रंगांच्या ठिपक्यांच्या फुलोऱ्या १८८० च्या दशकातल्या कार्डावर दिसल्या तर तिथेच थांबा.

इंकजेट. रेघेला कडच नसते, बारीक तुषार उडाल्यासारखे दिसते. पेटंटच्या नकाशांची पिवळट कागदावरची सुंदर चित्रे बहुधा याच वर्गातली. शोभेला हरकत नाही, जुने म्हणून पैसे देऊ नका.

रंगाबद्दल एक वेगळी नोंद. वर सांगितलेल्या साप्ताहिकांची त्या काळची नेहमीची पाने काळी-पांढरीच निघत. त्यांच्यावरचा जलरंग बहुधा नंतर विक्रेत्याने भरवलेला असतो. एखादी जुनी फाट शोधून भिंगाखाली धरा. रंग फाटीच्या तुटक्या धाग्यांत झिरपलेला असेल तर रंग फाटीनंतरचा. अशा पानाला जास्त किंमत देण्याचे कारण नाही.

## टप्पा ५: कागद आणि मागची बाजू

खोली अंधारी करा, टॉर्च आधी पानाच्या मध्यावर धरा, मग कडांवर. निळसर-पांढरी झगझगीत चमक आली तर कागदात उजळवणारे रसायन आहे, आणि ते साधारण १९५० नंतरच्या कागदातच मिळते. जुना कागद मंद पिवळट किंवा तपकिरी दिसतो. फक्त कडेला चमक असेल तर ती नव्या माउंटची, म्हणजे चित्राला आधार देणाऱ्या पुठ्ठ्याची, किंवा गोंदाची असू शकते.

सावधान: चमक नाही म्हणून कागद जुना असला तरी छपाई जुनी ठरत नाही. जुन्या पुस्तकांची कोरी पाने कापून त्यावर नवे चित्र छापले जाते. टप्पा ४ आणि ५ दोन्ही जुळले पाहिजेत.

मग मागचा मजकूर वाचा. साप्ताहिकाच्या पानामागे बातम्या असतात आणि वरच्या समासात नाव व तारीख. समास कापलेला असेल तर तारीखही गेली आणि किंमतही. मागची बाजू कोरी असणे हा आपोआप दोष नाही, पुरवणीची आणि जोडपानाची चित्रे कोरी असू शकतात. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चे एक पान साधारण २८ बाय ४० सेंटिमीटर भरते. माप बरेच कमी भरले तर समास कापलेत की चित्रच लहान करून छापले आहे, ते बघा.

पिवळेपणाही बघा. नैसर्गिक पिवळेपणा कडांना जास्त आणि आत कमी असतो. दोन्ही बाजूंनी सारखा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकाच छटेचा तपकिरी रंग असेल तर चहाचे पाणी आठवा.

पोस्टकार्ड असेल तर काम सोपे. ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत मार्च १९०७ पासून मागची बाजू उभ्या रेघेने दुभागून पत्ता आणि मजकूर शेजारी लिहायला परवानगी मिळाली. मागे फक्त पत्त्याची जागा असेल तर कार्ड बहुधा त्याआधीचे.

इथे थांबून पुढची, मागची, पायांची आणि तिरप्या उजेडातली छायाचित्रे काढून ठेवा. नोंद करायची तर मागच्या समासात पेन्सिलने, अगदी हलक्या हाताने.

## टप्पा ६: विलगीकरण आणि कोरडी सफाई

नवे आलेले पान जुन्या संग्रहात लगेच मिसळू नका. कसर आणि तिची अंडी सोबत येतात. पाकिटात घालून दोन आठवडे वेगळे ठेवा. कडेला कुरतडल्याच्या ताज्या खुणा असतील तर पान दोन टिपकागदांमध्ये घालून, झिप पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही. घाई केली तर थंड कागदावर दव धरते. आधीचा सगळा खटाटोप वाया.

सफाई फक्त कोरडी. मध्यापासून कडेकडे मऊ ब्रश फिरवा. मळ हलला नाही तर पांढरे व्हिनाइल खोडरबर बारीक किसून तो चुरा कोऱ्या समासावर बोटाने गोल फिरवा आणि झटकून टाका. रंग भरलेल्या जागी, पेन्सिलच्या नोंदीवर आणि फाटीजवळ चुरा न्यायचा नाही.

पाणी, ब्लीच, ब्रेडचा तुकडा, ओला बोळा, काही नाही. लालसर डाग काढण्याच्या नादात जलरंग पसरलेली पाने पुष्कळ. जुनी चिकटपट्टी ओढू नका, कागदाचा वरचा थर तिच्यासोबत निघतो. ते काम कागद-संवर्धकाचे.

## टप्पा ७: माउंट

लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, बाजारातला पांढरा गोंद नाही. चित्र दोन छोट्या बिजागऱ्यांवर टांगायचे, बस.

१. अ‍ॅसिड-फ्री सुती बोर्ड, जाडी सुमारे दीड मिलिमीटर. मागचा पुठ्ठा आणि पुढची खिडकी, दोन्ही त्याच बोर्डाची.
२. खिडकी चित्राच्या रेघेपासून ३ ते ५ मिलिमीटर बाहेर कापा. तारखेची ओळ दिसू द्या.
३. गव्हाच्या स्टार्चची खळ करा: १ भाग स्टार्च, ५ भाग डिस्टिल्ड पाणी. अर्धा तास भिजवून मंद आचेवर २० ते ३० मिनिटे सतत ढवळा, पारदर्शकपणा येईपर्यंत. गार करून दोनदा गाळा आणि सायीइतकी पातळ करा. मैद्याची खळ नको, तिच्यातल्या ग्लुटेनवर कसर तुटून पडते. कुरडयांचा चीक म्हणजे मुळात हाच स्टार्च, पण आंबवलेला आणि मीठ घातलेला, तोही नको. फ्रिजमधली खळ आंबूस वास आला की टाकून द्या.
४. जपानी टिश्यूचे अडीच बाय चार सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या. कात्रीने कापू नका. ओल्या ब्रशने रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेला धागे सुटतात आणि चित्रावर धार उमटत नाही.
५. चित्राच्या मागे, फक्त वरच्या कडेला, ३ ते ४ मिलिमीटर एवढीच पट्टी चिकटवा, टिश्यूचा उरलेला भाग मागच्या पुठ्ठ्याला. वर टिपकागद आणि वजन. दहा मिनिटांनी टिपकागद बदला, मग तासभर तसेच ठेवा.

तपासा: खालची बाजू मोकळी हवी. चारही कोपरे चिकटवले तर पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला जायला जागा नसते आणि मध्ये लाटा उठतात. बिजागरीचा टिश्यू चित्राच्या कागदापेक्षा कमजोरच हवा. फ्रेम पडली तर टिश्यू फाटावा, चित्र नाही.

## टप्पा ८: फ्रेम, भिंत आणि जून ते सप्टेंबर

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी लिहून द्या: काच चित्राला टेकता कामा नये, मागे हार्डबोर्ड किंवा एमडीएफ थेट लागता कामा नये, माउंट उघडून काहीही चिकटवायचे नाही. समोर उभे राहून फ्रेम करून घेणे जास्त बरे. अल्ट्राव्हायोलेट अडवणारी काच परवडत असेल तर घ्या, पण तिच्या जोरावर चित्र उन्हात लावू नका. कागदासाठी ५० लक्स उजेड पुरे, म्हणजे खोली जरा मंदच वाटेल.

मुंबई-कोकणात भिंत निवडणे महत्त्वाचे. पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत वगळा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना ५ मिलिमीटरचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के चांगली. ६५ च्या वर बराच काळ राहिली की बुरशीला मोकळे रान. छोटे आर्द्रतामापक फ्रेमशेजारीच टांगा, दारात नाही.

ओलसर घरात चार महिने चित्र उतरवून ठेवणे सगळ्यात सुरक्षित. कपाटाच्या वरच्या फळीवर, घट्ट बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आडवे. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. लाकडी कपाटाच्या तळाशी किंवा डांबरगोळ्यांसोबत ठेवू नका. सप्टेंबरअखेर कोरडा दिवस बघून डबा उघडा, मागची बाजू आधी बघा, बिजागऱ्या तपासा. पांढुरकी बुरशी दिसली तर फुंकर मारू नका, ब्रशही नको. पान वेगळ्या पाकिटात बंद करून कागद-संवर्धकाकडे न्या.